पदमपुऱ्याच्या इलायचीबाई

एलियाम्मा कुणाच्या घरात शिरल्या की माणसांकडे नंतर बघत, आधी चुलीवरच्या भांड्याकडे. झाकण उचलायचं, वाफेत नाक घालायचं आणि निकाल द्यायचा. लग्न होऊन मी पाचोडहून औरंगाबादला, पदमपुऱ्यात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या डाळीवरचं झाकण उचललं. पांढरी साडी, पांढरे बूट, घट्ट अंबाडा. मला वाटलं, सरकारी तपासणीच आली. मी पदर सावरून उभी राहिले.

"नारळ कुठे आहे?"

"डाळीत?" मी विचारलं.

"मग काय उशीत?" त्या म्हणाल्या. झाकण परत ठेवलं आणि "नवीन आहे, शिकेल," असं भिंतीला सांगून निघून गेल्या. संध्याकाळी खोवलेल्या नारळाची वाटी आली. सोबत वाटी आणणाऱ्या अम्माही आल्या आणि ती सगळी डाळीत पडेपर्यंत हलल्या नाहीत. त्या रात्री आमच्या ह्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "आज काही पूजा होती का?"

त्यांचा प्रश्नही बरोबर होता. आमच्या मराठवाड्यात तेव्हा नारळ म्हणजे देवाचा. फोडायचा, खोबऱ्याचा तुकडा प्रसाद म्हणून तोंडात टाकायचा आणि संपलं. रोजच्या भाजीत नारळ घालणं म्हणजे रोज दिवाळी करण्यासारखं. अम्मांना तर नारळाशिवाय पाणीसुद्धा उकळता येत नसे. त्या मंदिरासमोरच्या पूजेच्या दुकानातून दिवसाआड दोन-दोन नारळ न्यायच्या, तेही वाजवून, हलवून, कानाशी लावून. दुकानदार भाविक माणूस. त्याने कित्येक दिवस या बाईंचा आदर्श सगळ्या गिऱ्हाइकांपुढे ठेवला. "बघा वहिनी, दवाखान्याची नोकरी करून देवाचं किती करतात! नाय तर तुम्ही, संकष्टीला एक न्यायला कुरकुर." एका नाताळात त्याला केक घेऊन अम्मा दुकानात आल्या, तेव्हा त्याला उलगडा झाला.  पण नारळ निवडून द्यायचं त्याने सोडलं नाही. "देव कोणता का असंना," तो मला म्हणाला, "नारळ आपल्या दुकानचा हाय."

एलियाम्मा हे नाव आमच्या भागात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. टांगेवाल्यांनी त्याचं इलायची सिस्टर केलं, आणि खेड्यांतून येणाऱ्या बायकांनी इलायचीबाई. त्या प्रत्येकाला थांबवून दुरुस्त करायच्या. "इलायची दुकानात भेटते. मी एलियाम्मा." समोरची बाई मान डोलवायची. "व्हय, इलायचीबाई."

त्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होत्या. पोलीस ॲक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा त्या केरळातून आधी हैदराबादला आणि तिथून औरंगाबादला आल्या. त्यांना सांगितलं होतं की तिथं मराठी बोलतात. त्यांनी वॉर्डात जे कानावर पडेल ते मराठी समजून जोरात शिकायला सुरुवात केली. वर्षभरानंतर कुणीतरी सांगितलं की ही उर्दू आहे, तीही दख्खनी. मग त्यांनी नव्याने सुरुवात केली. पण आधीचं काही टाकून दिलं नाही, कारण त्यांना काहीच टाकवत नसे. म्हणून त्यांच्या बोलण्यात "नक्को", "कायकू", "हौ" मरेपर्यंत राहिलं. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्यांचे कागद बदलले, तेव्हाची तक्रार त्या नेहमी सांगायच्या. "मी उर्दू शिकली, सरकार बदलला. मी मराठी शिकली, आता पुढचा कोण येतो बघते."

मराठीतलं लिंग मात्र त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. खुर्ची बाई का आणि टेबल कोणीच का नाही, याचं उत्तर मी मराठीची मास्तरीण असून मला कधी देता आलं नाही. "वर्की आली का?" असं त्या नवऱ्याबद्दल विचारायच्या. वर्कीभाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. त्यांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. ते कशाबद्दलच करत नसत. सकाळी एक आणि रात्री एक वाक्य बोलायचे, आणि दोन्ही कॉफीविषयी असायची.

पण बाळंतिणींच्या वॉर्डात लिंगाचा घोळ केवढ्याला पडतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत, पण पाचोडला तेव्हा धड सोय नव्हती, आणि अम्मांनी हुकूमच काढला. "मंगलम इथं राहील." मला त्या मंगल न म्हणता मंगलम म्हणायच्या. त्यामुळे सासूबाई अजिंठ्याहून शहरात आल्या. येतानाच गूळ, डिंक आणि नातवाचं नाव ठरवून आल्या होत्या. दिवसभर वॉर्डाच्या दाराशी बसून होत्या. दार उघडून अम्मा बाहेर आल्या.

"काय झालं व माय?" सासूबाईंनी विचारलं.

"मुलगा झाली," अम्मा म्हणाल्या.

सासूबाईंनी पुढचं 'झाली' ऐकलंच नाही. त्यांनी तिथल्या तिथे ह्यांना पिटाळलं आणि पेढे मागवले. वॉर्डातल्या बायका, त्यांच्या सासवा, झाडूवाली, दाराशी बसलेला पहारेकरी, सगळ्यांची तोंडं गोड झाली. मग त्या नातू बघायला आत आल्या, दुपटं बाजूला केलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"इलायचीबाई, ही तर पोरगी हाय!"

"हौ. मी काय बोलली? मुलगा झाली."

"आवो, मुलगा झाला म्हणतात, नाय तर मुलगी झाली म्हणतात!"

"असं का?" अम्मा चेहरा हलू न देता म्हणाल्या. "माझा व्याकरण कच्ची आहे."

पेढे काही परत घेता येत नाहीत. ज्यांनी खाल्ले होते त्या बायका येऊन बाळाच्या हातावर नाणी ठेवून गेल्या होत्या, कडाकडा बोटं मोडून गेल्या होत्या. सासूबाईंनी उरलेला पेढा बराच वेळ हातात धरला आणि शेवटी स्वतःच खाल्ला. पुढे त्याच नातीला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलं. मी मात्र अम्मांना बरीच वर्षं ओळखल्यावर एक गोष्ट हेरली. दुधवाल्याशी, धोब्याशी भांडताना त्या हजार चुका करायच्या, पण "तुझी मुलगी" आणि "तुझा मुलगा" यांत कधी चुकत नसत. मी एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "पेढा आधी खाल्ला तर तोंड वाकडा नाही होत." आणि माझ्या कढईवरचं झाकण उचललं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. पण घर कधी रिकामं नसायचं, कारण औरंगाबादच्या स्टेशनवर उतरणारा प्रत्येक मल्याळी आधी त्यांच्याकडे यायचा. सुरुवातीला नर्स मुली आल्या, त्यांच्या मागे टायपिस्ट आणि स्टेनो. चिकलठाण्याला कारखाने निघाले तसे फिटर आणि वेल्डर आले, आणि वाळूज उभं राहिलं तेव्हा तर अम्मांच्या ओसरीवर शिफ्टप्रमाणे माणसं झोपायची. ज्याचं अंथरूण रिकामं झालं त्यावर दुसरा पडायचा. पहिल्या जेवणानंतर अम्मा प्रत्येकाला तेच सांगायच्या. "इथं तीन गोष्टी शिक. ज्वारीचा भाकरी चावून खा. उन्हात डोका झाक. आणि कोणी 'बघू' बोलला तर घरी जा, काम होणार नाही." यातलाच एक त्यांचा भाचा जॉय. तो वाळूजला मशीनवर लागला, आणि भाकरी चावता येईना म्हणून पहिला महिना भाकरी कॉफीत बुडवून खात होता.

मासळी हे त्या सगळ्यांचं मोठं दुःख. मिळायची तीही कुठून कुठून, थकून आलेली. मग पैठणला जायकवाडीचं धरण भरलं आणि बाजारात ताजे मासे दिसायला लागले. वर्तमानपत्रांत शेतीच्या पाण्याबद्दल पानंच्या पानं येत होती. अम्मांना त्यात काही रस नव्हता. "धरण मल्याळी लोकांसाठी बांधला," त्या ठामपणे म्हणायच्या. "शेतकऱ्याला उगीच वाटते की त्याच्यासाठी."

आणि हे सगळं चालू असताना दर वर्षी त्या म्हणायच्या की पुढच्या वर्षी आपण गावी कायमच्या जाणार. निवृत्त झाल्या तेव्हा खरंच निघाल्या. गावी घर बांधून तयार होतं. पदमपुरा स्टेशनवर लोटला. नारळवाल्याने हार आणि नारळ आणला. अम्मा रडल्या, आम्ही रडलो, आणि वर्कीभाऊ त्या दिवशीचं वाक्य बोलले. "थर्मास घेतला का?"

दोन महिने झाले नाहीत तोच सकाळी माझ्या चुलीपाशी झाकण वाजलं. मी वळून बघते तर अम्मा.

"अम्मा! काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"काय ठीक? तिकडं जिकडं बघ तिकडं मल्याळी आहे!" त्या खालीच बसल्या. "इथं मी मल्याळी सिस्टर. तिकडं कोण? कोणीच नाही. बसमध्ये मी तिकीट मागितली तर कंडक्टर विचारते, आई, तुम्ही कोणत्या देशाचा? मी माझा भाषा बोलली, तो हसला. बोलली, मध्ये मध्ये 'अगं बाई' कायकू येते?" मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि पाऊस. कपडा वाळत नाही, मीठ वाळत नाही, माणूस वाळत नाही."

ते घर त्यांनी भावाला देऊन टाकलं. गावी जायची गोष्ट पुन्हा काढली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी इथल्या मल्याळी मंडळाचा रौप्यमहोत्सव आला. ओणमच्या जेवणाबरोबर स्मरणिका काढायची ठरली. तिच्यात औरंगाबादच्या मल्याळी समाजाचा इतिहास छापायचा, तोही मराठीत, म्हणजे पाहुण्यांना वाचता येईल. मी शाळेत मराठी शिकवत होते, शिवाय मल्याळी नव्हते, म्हणजे निःपक्षपाती. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. पहिलं वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. कारण पहिल्या वाक्यात सांगायचं होतं की पहिलं कोण आलं.

मंडळाचे अध्यक्ष नायरसाहेब. एका कचेरीत स्टेनो होते. करकरीत इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि मराठी अशी शुद्ध की ऐकणाऱ्याने आपोआप ताठ बसावं. ते म्हणाले, "पोलीस ॲक्शननंतर या नगरीत पाऊल ठेवणारा प्रथम मल्याळी मी. हे आपण निःसंकोच लिहावे."

मी अम्मांना हे सांगितलं. त्यांनी हातातली कोयती खाली ठेवली. "तो आला तेव्हा पहिला जेवण कुठं केली? विचार जा."

मी गेले, विचारलं. नायरसाहेब खाकरले. "भोजन त्यांच्याकडे केले, हे मान्य. परंतु त्यापूर्वी मी एकदा येऊन गेलो होतो."

मी परत आले. "येऊन गेली ना?" अम्मा म्हणाल्या. "गेली, तर ती आली कशी?"

 दोन्ही घरांमध्ये खेपा घालून माझी चप्पल झिजली. मंडळात दोन तट पडले. वॉर्डातल्या नर्स सगळ्या अम्मांच्या बाजूने, कचेऱ्यांतले बाबू सगळे नायरसाहेबांच्या. वाळूजची मुलं, जिथे केळ्याचे वेफर्स असतील त्या बाजूने. ओणम पंधरवड्यावर आला आणि काही लोक म्हणायला लागले की दोन पंगती करू. जॉयने मला हळूच सांगितलं, "मावशी, असं झालं तर हे मंडळ गेलंच. पुन्हा कुणी एकत्र यायचं नाही."

शेवटी अम्मांच्या ओसरीवर बैठक बसली. वेफर्सची परात मध्ये ठेवली होती, पण कुणी हात लावत नव्हतं, एवढं वातावरण तापलेलं. तासभर वाद झाला. 'पहिल्या काही जणांपैकी' असं लिहावं, ही माझी सूचना दोन्ही बाजूंनी फेटाळली. मग नायरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मला ते एकदम म्हातारे दिसले.

"लिहा," ते मला म्हणाले. "पहिल्या एलियाम्मा. मी तेव्हा इथे कुणालाच ओळखत नव्हतो. त्यांनी मला जेवायला घातले. मला अधिक वाद घालायचा नाही."

 नर्सांनी एकमेकींकडे बघितलं. मी पेन उघडलं. अम्मा खूश होतील, निदान एखादा टोला मारतील, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"नाही," अम्मा म्हणाल्या. "मी पण नाही."

"मग कोण?" नायरसाहेबांनी विचारलं.

"कुंजम्मा."

हे नाव तिथे कुणीच ऐकलेलं नव्हतं. फक्त वर्कीभाऊंनी मान खाली घातली.

अम्मांनी सांगितलं ते असं. हैदराबादहून दोघी नर्स एकाच गाडीने आल्या होत्या. एलियाम्मा आणि कुंजम्मा. एकाच गावच्या, एकाच शाळेच्या. काचीगुड्याची गाडी औरंगाबादला थांबली, तेव्हा एलियाम्मा बाकाखालची ट्रंक ओढत बसल्या होत्या. ती अडकली होती. कुंजम्माला तेवढा धीर कुठला! तिने फलाटावर उडी मारली आणि खिडकीतून आत बघून ओरडली, "बघ, मी पहिली!" त्याच उन्हाळ्यात वॉर्डातल्या रोग्याकडून तिला टायफॉइड झाला आणि पावसाळ्याआधी ती गेली. छावणीतल्या कबरस्तानात तिला पुरलं. एलियाम्मांशिवाय माणसं होती फक्त तिघं, आणि त्यांतल्या एकालाही तिची भाषा येत नव्हती. प्रार्थना एलियाम्मांनी एकटीने म्हटली.

"एवढी वर्षं तुम्ही हे कधी बोलला नाहीत, अम्मा," मी म्हणाले.

"कोण विचारला?" अम्मांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हात पदराशी चाळा करत होते. "सगळे विचारते, पहिला कोण आला. पहिला कोण गेला, ते कोणी विचारला नाही. आणि नायरला मी पहिला कसा बोलू? कुंजम्मा किती खूश होती पहिली आली म्हणून. तेवढाच तर भेटला तिला इथं."

नायरसाहेब उठले. मला वाटलं, निघाले. ते परातीपर्यंत गेले, मूठभर वेफर्स घेतले, अम्मांच्या हातात ठेवले आणि शेजारी जमिनीवर बसले, इस्त्रीच्या पँटीसकट. "मंगलताई," ते म्हणाले, "लिहा."

इतिहास दोन दिवसांत लिहून झाला. ओणमला एकच पंगत बसली. नायरसाहेबांनी पहिलं पान माईकवर वाचून दाखवलं. त्यात त्यांचं स्वतःचं नाव तिसरं होतं. तेही त्यांनी स्पष्ट, न अडखळता वाचलं.

नाताळच्या आधी मी आणि अम्मा छावणीत गेलो. कबरीवर जुनी काही खूण उरली नव्हती, पण अम्मा सरळ एका कडुलिंबापाशी गेल्या. त्यांनीच सांगितलेल्या त्या जागी नायरसाहेबांनी नवा दगड बसवून घेतला होता. अम्मांनी आधी दगड बोटाने खरवडून बघितला, बसवणाऱ्याच्या कामात खोट काढली, मग मल्याळममध्ये बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. सूर प्रार्थनेचा नव्हता, चांगला खरडपट्टीचा होता.

"काय सांगितलंत तिला?" परत येताना मी विचारलं.

"बोलली, उडी मारायची घाई काय होती? ट्रंकला एक हात तर लावायचा." थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, "आणि बोलली, मी म्हातारी झाली. तू बघ, अजून तशीच."

अम्मा आणखी काही वर्षं होत्या. वर्कीभाऊ आधी गेले, तसेच, न बोलता. शेवटच्या आजारात अम्मा आपल्याच जुन्या वॉर्डाशेजारी भरती होत्या. केरळची एक नवी नर्स त्यांच्याशी मल्याळममध्ये बोलायची, आणि त्या तिला मराठीत उत्तर द्यायच्या, म्हणजे ती शिकेल. जॉय रोज वाळूजहून शिफ्ट संपवून यायचा. एका संध्याकाळी तो चाचरत म्हणाला, "आंटी, गावी आपल्या घराण्याची जागा आहे, चर्चच्या मागे. काही झालं तर तिकडे..."

"नक्को," अम्मा म्हणाल्या. "तिकडं लई पाऊस. सगळा कुजते." मग माझ्याकडे वळल्या. "मंगलम, तू साक्षी. मला इथंच ठेवायचा. इथला माती कोरडा आहे. मी टिकेल."

उन्हाळ्यात त्या गेल्या. आम्ही त्यांना छावणीत नेलं, कुंजम्माच्या शेजारी. पदमपुरा आला होता, वॉर्ड आला होता, वाळूजच्या दोन बसा भरून आल्या होत्या. कबर खणायला एवढा वेळ लागणार हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वीतभर मातीखाली मुरूम लागला, आणि पहार मारली की ठिणगी उडायची. खणणारे दमले की जॉय आणि वाळूजची मुलं शर्ट काढून आत उतरायची, ती दमली की आमच्या गल्लीतली. ऊन कलेपर्यंत खणणं चाललं होतं. आम्ही बायका लिंबाखाली बसून राहिलो. खड्ड्यातून बाहेर येणारा मुरूम कोरडा ठणठणीत होता, हातात घेतला तरी हाताला चिकटत नव्हता.